फीत ज्याने बांधली त्याने सोडायची

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यातल्या एका सात मजली इमारतीत, लिफ्टच्या केबिनच्या छतावर उभा राहून काम करणारा फिटर केबिन अचानक वर सरकल्याने जखमी झाला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. लिफ्टचा मेन स्विच त्याने स्वतः बंद करून ठेवला होता. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये तो दुसऱ्या माणसाने चालू केला. तो माणूस कोण आणि त्याने तसे का केले, हे त्या दिवशी दुपारपर्यंत आम्हा सगळ्यांना माहीत होते.

मी त्या वेळी त्याच फर्ममध्ये नोकरीला होतो. फर्म अंबरनाथची; बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरमधल्या इमारतींच्या लिफ्टची देखभाल करणारी. त्याआधी पंधरा वर्षे मी नौदलात हेलिकॉप्टरच्या विजेच्या यंत्रणेवर तंत्रज्ञ होतो. इथे जे लिहितो आहे त्यातले काही मी पाहिलेले आहे आणि काही त्याच दिवशी संबंधितांनी मला सांगितलेले आहे. दोन्ही वेगवेगळे ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

नौदलाचे आधी सांगावे लागेल, कारण फीत तिथून आली.

हँगरमध्ये हेलिकॉप्टरच्या कोणत्याही भागावर काम चालू असले, की त्या भागाच्या स्विचला लाल फीत बांधायची असा नियम होता. फीत याचा अर्थ इथे कोणाचा तरी हात आत आहे. ती सोडण्याचा अधिकार बांधणाऱ्यालाच. त्याचा वरिष्ठ असो, वैमानिक असो, तळाचा प्रमुख असो, दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. एकदा दुपारी एका हेलिकॉप्टरचे उड्डाण ठरले होते. वैमानिक हेल्मेट काखेत धरून बाहेर उभा. काम संपलेले होते, पण एका स्विचवर फीत तशीच होती.

"चीफ, मैंने खुद देख लिया है. निकाल दो," वैमानिक म्हणाला.

आमचा चीफ जागचा हलला नाही. "सर, जिसने बाँधा है वो दाल-चावल खा रहा है. आता ही होगा."

दाल-चावल खाणारा मी होतो. मला बोलवायला माणूस धाडला. मी ओल्या हातांनी पळत आलो, आत पाहिले, फीत सोडली. वैमानिकाने हेल्मेट चढवले आणि जाता जाता मला एवढेच विचारले, "दाल कैसी थी?" कोणी रागावले नाही. अधिकाऱ्याने एका नौसैनिकाच्या जेवणासाठी थांबावे यात तिथे कोणालाच काही विशेष वाटले नाही.

ही सवय घेऊन मी बाहेर पडलो. विमानतळावरच्या नोकरीसाठी अर्ज केले. माझे प्रशिक्षण नागरी विमानांसाठी धरले जात नाही, परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतील, असे उत्तर आले. बाकी जिथे जिथे गेलो तिथे समोरचा माणूस 'माजी सैनिक' हे शब्द वाचून खूश व्हायचा आणि सिक्युरिटीत या म्हणायचा. शहाडजवळच्या एका कारखान्यात तर मॅनेजरने उठून हात मिळवला, चहा मागवला, आणि गेटवर पाळीप्रमुख व्हाल का असे विचारले. मी म्हटले, मी वायरिंगचे काम करतो. तो म्हणाला, "ते करणारे मिळतात हो. तुमच्यासारखी शिस्त कुठे मिळते." पंधरा वर्षे जे शिकलो त्याला बाहेर किंमत नाही आणि कडक इस्त्रीच्या गणवेशाला आहे, हे मला ज्या आदराने सांगण्यात आले, त्या आदराचा मला अजून राग येतो.

लिफ्टच्या फर्मने मला तंत्रज्ञ म्हणून घेतले. मालक पन्नाशीचा, बोलायला मोकळा, सगळ्यांना एकेरी हाक मारणारा. मला तो 'कमांडो' म्हणायचा. मी कमांडो कधीच नव्हतो. पहिल्या महिन्यात दोनदा सांगितले, मग सोडून दिले.

कामाला लागल्यावर पाहिले, की मेन स्विच बंद करून माणूस डक्टमध्ये, म्हणजे केबिन ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिच्यात, उतरतो आणि स्विचपाशी काहीही खूण नसते. मी मालकाकडे कुलपे मागितली, स्विचच्या दांड्याला लावायची असतात तसली. मालक म्हणाला, बघू. मी उल्हासनगरच्या बाजारात जाऊन शाळेतल्या मुलींच्या वेण्यांना बांधतात ती रुंद लाल फीत, अख्खे रीळच, आणली. दुकानदार सिंधी होता. रीळ मापत म्हणाला, "साईं, घर में कितनी लड़कियाँ हैं?"

आमचा फिटर, ज्याची पुढे बोटे गेली तो, त्याहून वरचढ. पस्तिशीचा, मुरबाडकडचा, अंबरनाथला चाळीत राहणारा. पहिल्यांदा फीत हातात दिली तेव्हा म्हणाला, "दादा, नेव्हीत काय सगळे दोन वेण्या घालायचे का?" पण बांधायचा. सगळ्यात नियमाने तोच बांधायचा. माझ्याकडे ज्या इमारती होत्या तिथल्या वॉचमनना मी एकेकाला गच्चीवर नेऊन दाखवले: स्विचवर लाल दिसले तर हात लावायचा नाही, आधी फोन करायचा. हेंद्रेपाड्याच्या इमारतीचा दिवसपाळीचा वॉचमन साठीला आलेला. त्याला सगळे मामा म्हणत. त्याने एकदा बंद लिफ्टसाठी आरडाओरडा करणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फोनवर सांगितले होते, "साहेब, वर लाल बांधलंय. तुमी आलात तरी मी हात लावायचा नाय."

त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक दोष होता. केबिनच्या छतावर एक स्टॉपचे बटण असते. वर काम करणाऱ्याने ते दाबले, की लिफ्ट कोणी कुठूनही बोलावली तरी हलत नाही. इथले बटण निकामी झाले होते. दाबले तरी सर्किट तुटत नव्हते. हे मी मालकाला सांगितले होते, फिटरने सांगितले होते, त्याच्या आधीच्या फिटरनेही सांगितले होते. नवीन बटण आले नाही. म्हणून तिथे वर चढायचे तर गच्चीवरचा मेन स्विच बंद करणे आणि फीत बांधणे एवढाच उपाय होता.

दसऱ्याला फर्मकडून सगळ्या इमारतींतल्या मशीनची पूजा होते. गेल्या वर्षी मालकाने ठरवले की पूजा जोरात करायची. झेंडूची तोरणे, नारळ, आणि प्रत्येक मेन स्विचच्या दांड्याला जरीकाठाचे लाल कापड. आदल्या दिवशी गोदामात कापडाचे तुकडे कापले जात असताना मी मालकाला म्हटले, स्विचला लाल नको. आपण वॉचमनना लाल म्हणजे थांब असे शिकवले आहे.

"मग दसऱ्याला काय पांढरं बांधू? कोण मेलंय का?" मालक म्हणाला. सगळे हसले. फिटरही हसला.

"मशीनला बांधा. स्विचला नको."

"कमांडो, एक दिवसाचा प्रश्न आहे. देवाचं काम आहे. तू त्यातही नियम काढ."

दसऱ्याच्या दिवशी हेंद्रेपाड्याच्या पूजेला मी हजर होतो. पूजेसाठी मशीन बंद ठेवले होते. गंध, अक्षता, नारळ झाला. स्विचच्या दांड्याला लाल कापडाची गाठ मारली. मग मालकाने त्या कापडासकट दांडा धरून स्विच वर केला आणि शेजारी प्रसाद घेऊन उभ्या असलेल्या मामाला म्हणाला, "झालं. आता पळव दिवसभर." मामाने हे पाहिले. मी मामाला पाहिले.

खाली आल्यावर मी मालकाला पुन्हा म्हटले, कापडे संध्याकाळी काढून घ्या. तो म्हणाला, उद्या माणूस पाठवतो. आमच्याकडे पूजेला वाहिलेले ज्याने वाहिले तोच उतरवतो, दुसरे कोणी त्याला हात लावत नाही. त्यामुळे मीही काढले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उल्हासनगरला दुसऱ्या इमारतीत होतो. इथून पुढचे फिटरने आणि मामाने मला सांगितलेले आहे.

फिटर लवकर पोहोचला. रात्रपाळीचा वॉचमन निघायच्या तयारीत होता, त्याला सांगून वर गेला. मेन स्विच खाली केला. दांड्याला कालचे कापड होतेच. त्याच्या शेजारी आपली फीत बांधली. मग खाली येऊन चौथ्या मजल्याचे दार किल्लीने उघडून केबिनच्या छतावर उतरला आणि ज्या लोखंडी रुळांवरून केबिन वरखाली जाते ते पुसून ग्रीस लावू लागला.

रात्रीचा वॉचमन मामाची वाट न पाहता निघून गेला. मामा कामावर आला. पाहुणे आलेल्या एका घरातून फोन आला, लिफ्ट बंद का. मामा जिन्याने गच्चीवर गेला. स्विच खाली पडलेला, वर लाल कापड. त्याला वाटले, बांधलेले सगळे लाल पूजेचेच आहे आणि स्विच आपोआप पडला आहे. त्याने तो वर केला. ज्या घरातून फोन आला होता तिथले कोणीतरी वरच्या मजल्यावर बटण दाबून उभेच होते. केबिन वर निघाली. फिटरचा उजवा हात रुळावर होता.

मी मोटरसायकलने पोहोचलो तोवर त्याला उल्हासनगरच्या रुग्णालयात हलवले होते. मामा खाली पायरीवर बसला होता. मी काही विचारण्याआधीच बोलायला लागला. "मालकांनी काल फडकं असतानाच चालू केलं ना. मला वाटलं तसंच हाय. तुमी सांगितल्यालं माझ्या ध्यानात होतं हो. पण मालकांनीच केलं ना."

मी वर गेलो. कापड आणि फीत, दोन्ही दांड्याला होती. आणखी कोणाला लागू नये म्हणून मी स्विच पुन्हा खाली केला, बाकी कशालाही हात लावला नाही आणि मशीन रूमचे दार लावून घेतले. नौदलात अपघात झाला, की पहिले काम हे: जे जसे आहे ते तसे ठेवायचे. चौकशी करणारे येईपर्यंत स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही.

मालक त्यानंतर आला. त्याच्या बरोबर त्याचा मेहुणा होता. तोही फर्ममध्ये काम करायचा. मालकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात नवे बटण होते. ज्या बटणासाठी इतके दिवस 'बघू' होते, ते बोटे गेल्यानंतर दुपारच्या आत आले.

"हे बसव आधी," मालक मला म्हणाला.

"आत्ता नाही. सरकारी निरीक्षक येऊन जाऊ देत."

"आत्ता नाही म्हणजे? सेफ्टी सेफ्टी म्हणून तूच माझं डोकं खाल्लं ना? घे, आणलं."

"काल आणायचं होतं."

"हे बघ कमांडो, हे तुझं जहाज नाही. सात मजल्यांची माणसं जिन्याने चढतायत. म्हातारी माणसं आहेत. सेक्रेटरीचे मला दहा फोन आले."

फोन आले होते हे खरे. सेक्रेटरी तिथेच उभा होता. तो मला म्हणाला, "अहो, झालं ते वाईटच झालं. पण लिफ्ट किती वाजेपर्यंत सुरू होईल तेवढं सांगा, ग्रुपवर टाकतो." केबिनच्या छतावरचे रक्त अजून पुसलेले नव्हते. जे उत्तर तोंडाशी आले होते ते छापण्यासारखे नाही.

मी बटण बसवले नाही. मालकाने पाकीट मेहुण्याच्या हातात दिले. केबिन थांबली होती तिच्या वरच्या मजल्याच्या उघड्या दारात उभा राहून मी त्याला जुने बटण काढताना, नवे बसवताना आणि जुने खिशात टाकताना पाहिले. नवे बटण चमकत होते. मेहुण्याने बोटाला ग्रीस लावून ते माखले. मी म्हटले, "हे कशाला?" तो म्हणाला, "भाऊजींनी सांगितलं."

मी त्याला अडवले नाही. धक्काबुक्की केली असती तर पोलिसांकडे पहिली तक्रार त्याचीच गेली असती, असा हिशेब मी त्या क्षणी केला. फोटो काढायचे मला सुचले नाही.

सरकारी निरीक्षक आले. त्यांनी केबिनच्या छतावरचे बटण दाबले. लिफ्ट हलली नाही. पुन्हा सोडले, पुन्हा दाबले. मी त्यांना सांगितले, हे बटण आज दुपारी बसवले आहे. मालक म्हणाला, "साहेब, हा नेव्हीचा माणूस आहे, मित्राला लागलं म्हणून भावनेच्या भरात बोलतोय." निरीक्षकांनी मला लेखी जबाब द्यायला सांगितले. मी दिला. त्यात बटणाचे लिहिले, कापडाचे लिहिले, कोणी सांगितले आणि कोणी केले हेही लिहिले.

पुढच्या आठवड्यात मला गोदामात बोलावून मालकाने सांगितले की माझ्या लायक काम आता फर्मकडे नाही. आवाज चढवला नाही. जाताना म्हणाला, "तुला पेन्शन आहे, तुझं चालेल. दुसऱ्याच्या पोटावर पाय आणू नको." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मी फिटरला भेटायला रुग्णालयात जात होतो. त्याची बायको मला भाऊ म्हणायची, डबा आणला तर घ्यायची, खुर्ची पुढे करायची. त्या आठवड्यानंतर गेलो तेव्हा तिने खुर्ची दिली नाही. फिटर पडून होता, हात उशीवर.

"दादा, तू जबाब दिलास?" त्याने विचारले.

"दिला."

"मागे घे."

तो छताकडे बघत बोलत होता. "मालक येऊन गेले. म्हणाले, गोदामात बसवतो. सामान द्यायचं-घ्यायचं, डाव्या हाताने होईल. मी फक्त सांगायचं की बटण चालू होतं, मी दाबायला विसरलो."

"बटण बंद होतं."

"मला माहीत नाही का? बोट माझं होतं ना त्या बटणावर दर वेळी."

"मग?"

"मग काय मग. बोटं परत यायची आहेत का? केस लढेपर्यंत मला कोण कामाला ठेवणार? डक्टमध्ये तर चढता यायचं नाही."

मी म्हटले, भरपाई कायद्याने मिळते, ती मागता येते, मी साक्ष देईन. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, तुम्ही खरं बोलाल हो. तुम्हाला दर महिन्याला सरकार देतं. आम्ही खरं बोलून गावाला जाऊ काय?"

"आणि मामाचं काय?" मी फिटरला विचारले. "त्याला पण वाटतंय की त्याने केलं."

"मामाला सांगितलं मी. म्हटलं, माझीच चूक. रडायचा थांबला तो." मग म्हणाला, "तू तुझ्या नेव्हीत आहेस अजून. तिथे साहेब थांबतो. इथे कोण थांबतं, सांग ना."

मला त्याचा राग आला. त्या खाटेवर पडलेल्या माणसाचा राग आला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण ते खरे आहे. मालकाचा राग तर होताच, आणि तो सोपा होता. सेक्रेटरीचा होता, दुपारी लिफ्ट सुरू झाल्याबरोबर त्या ग्रुपवर पडलेल्या जोडलेल्या हातांच्या चित्रांचा होता. पण ज्याची बोटे गेली तोच माणूस स्वतःच्या हाताचा दोष स्वतःवर घेतो आणि त्याच्या मोबदल्यात त्याच मालकाच्या गोदामात स्टुलावर बसायची जागा मिळवतो, हा व्यवहार पाहण्याची मला पंधरा वर्षांत सवय झालेली नव्हती. तिथे चूक झाली तर ती कोणाची हे शोधून काढायचे, कारण पुढचा माणूस त्याच जागी हात घालणार असतो. इथे चूक कोणाच्या नावावर खपेल एवढेच पाहायचे होते.

मी जबाब मागे घेतला नाही. तसे त्याला तिथेच सांगितले.

"मग येऊ नको इथे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तू येतोस ते मालकांना कळतं."

मी उठलो. त्याची बायको दाराशी आली नाही.

दिवाळीनंतर फिटर गोदामात रुजू झाला. मामाने वॉचमनची नोकरी सोडली आणि तो मुलाकडे मुरबाडला गेला. मी फोन केला तर उचलत नाही. मेहुण्याला माझ्या इमारती दिल्या. मी सध्या अंबरनाथला पाण्याच्या पंपांची दुरुस्ती करतो. चौकशीसाठी मला आणखी एकदा बोलावले, तेव्हा जे पाहिले ते पुन्हा सांगितले. जुने बटण कुठे आहे असे मला विचारण्यात आले. मेहुण्याच्या खिशात गेले, असे मी सांगितले. त्यालाही बोलावले होते. त्याने असे काही बटण नव्हते असे सांगितले. फिटरला बोलावले तेव्हा तो मालकाच्या गाडीतून आला आणि गेला. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघे एकाच वेळी होतो. त्याने डाव्या हाताने पाण्याची बाटली उघडण्याचा प्रयत्न केला. मी हात पुढे केला. त्याने बाटली गुडघ्यांत धरून स्वतः उघडली.

गेल्या महिन्यात चौकशी बंद झाल्याचे मला कळवण्यात आले. अपघाताचे कारण असे नोंदवलेले आहे: केबिनच्या छतावरील स्टॉपचे बटण चालू स्थितीत असूनही कामगाराने ते दाबले नाही.